मऊच खाऊ शकणाऱ्या आईसाठी फळांची स्मूदी: घरात आहे त्यातून कशी करायची?

मलप्रभाकाठ | ९ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माहेर खानापूर तालुक्यातलं, राहायला बेळगावात वडगावला. आई ७४ वर्षांची आहे, सध्या माझ्याकडं आलीय. मार्चमध्ये तिचे उरलेसुरले दात काढले, कवळी अजून व्हायचीय. भाकरी बंद झाली, चपाती दुधात कुस्करून दिली तर दोन घास खाते आणि ताट सारते. भात-ताक आणि पेज यावर दोन महिने काढलेत. वजन ४६ किलो होतं, परवा केलं तर ४२.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या स्मूदी करून द्या. मोबाईलवर बघितलं तर प्रत्येक कृतीत ब्लूबेरी, ॲव्होकॅडो, बदामाचं दूध. हे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळत नाही आणि मिळालं तरी रोज परवडणार नाही. घरात केळी, चिकू, पपई, आंबे आहेत, म्हशीचं दूध रोज रतिबाचं येतं. मिक्सर अकरा वर्षांचा आहे, चटणीला चालतो.

मुलगा १४ वर्षांचा, सकाळी साडेसहाला फुटबॉलला जातो आणि उपाशीपोटी जातो. दोघांचं एकातच भागलं तर बरं. कुणी रोज करत असाल तर अगदी वाटी-चमच्याच्या मापात सांगा.

निपाणीकर_अक्का | ९ मे, रात्री १०.१५

ताई, आधी मनातली भीती काढा. स्मूदी म्हणजे आपली शिकरणच, फक्त मिक्सरमधून काढलेली. आपल्या आज्या केळं कुस्करून दुधात घालत होत्या, वर वेलची. तीच सुरुवात करा. एक पिकलं केळं, एक पेला थंड केलेलं दूध, दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट. साखर लागणारच नाही. शेंगदाणा घातला की पोटात थांबतं, नुसतं केळं-दूध पोरांना तासाभरात परत भूक लावतं.

केळं कुठलं घेताय यावर सगळं आहे. वरून पिवळंधमक आणि आत टणक असलं की स्मूदी तुरट होते. सालीवर काळे ठिपके यायला लागले की घ्या. फळवाला अशी केळी बाजूला काढून कमी भावात देतो, मी मुद्दाम तीच मागते.

जवारी_केळं | १० मे, सकाळी ६.०५

अक्का बरोबर बोलल्या. मी खानापूरकडचा शेतकरी, घरापुरती केळीची बाग. जवारी वेलची केळी असतील तर दोन घ्या, ती लहान असतात पण गोडी आणि वास भारी. मोठं लांब केळं असेल तर एक पुरे.

एकदम घड पिकला तर फेकू नका. सोलून चकत्या करा, ताटात एकेक सुटी पसरून फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झाल्या की डब्यात भरा. सगळ्या एकत्र कोंबल्या तर दगड होतो आणि मग सुरीही लागत नाही. या चकत्या घातल्या की बर्फ घालायला लागत नाही, आणि तुमच्या जुन्या मिक्सरला बर्फ फोडायला लावणं नकोच.

आहारवाट | १० मे, सकाळी ११.३०

मलप्रभाकाठताई, मी आहारतज्ज्ञ आहे, शहापूर भागात काम करते. कृती नंतर सांगते, आधी तीन गोष्टी विचारते, कारण वजनाचा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही.

दोन महिन्यांत ४ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या जवळपास ९ टक्के. या वयात एवढं कमी झालं तर ते फक्त दातांमुळेच असं धरून चालू नका. डॉक्टरांना दाखवा, रक्त, साखर, थायरॉईड बघून घ्या. दुसरं, पाणी किंवा चहा पिताना आईंना ठसका लागतो का? आवाज ओला, घोगरा होतो का? तसं असेल तर पातळ पेय धोक्याचं ठरू शकतं, आधी गिळण्याची तपासणी. आणि तिसरं, कुठल्या गोळ्या चालू आहेत?

मलप्रभाकाठ | १० मे, दुपारी २.१०

ठसका अजिबात नाही. साखर मार्चमध्ये दात काढायच्या आधी बघितली होती, ठीक होती. थायरॉईडची गोळी सहा वर्षं चालू आहे, सकाळी उठल्या उठल्या घेते. आणि खरं सांगते, मी गोळीनंतर अर्ध्या तासात दुधाचा पेला द्यायचा विचार करत होते.

आहारवाट | १० मे, रात्री ८.५०

विचारलं ते बरं झालं. ती गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. दुधातलं कॅल्शियम गोळी नीट शोषू देत नाही, म्हणून दुधाची स्मूदी सकाळी नकोच. नेमकं किती अंतर ठेवायचं ते गोळी देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, पण तुमच्या घरी दुपारी चारची वेळ सोपी पडेल. दुपारच्या जेवणाला धक्का लागत नाही आणि रात्रीच्या भुकेपर्यंत पचतंही.

आता माप. एक मध्यम केळं, २०० मिली म्हशीचं दूध आणि १५ ग्रॅम शेंगदाण्याचं कूट (सपाट दीड-दोन मोठे चमचे) यातून साधारण ३५० ते ४०० कॅलरी आणि ११-१२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पेजेच्या वाटीशी तुलना करा, पेजेत बहुतेक पाणीच असतं. आईंना एका दमात पेला संपवायला लावू नका. अर्धा चारला, अर्धा साडेपाचला, मधल्या वेळात फ्रीजमध्ये.

शेंगदाणा हिरड्यांना टोचत असेल तर फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ घ्या. २० ग्रॅम डाळ्यात ४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि ते दुधात अगदी लोण्यासारखं मिसळतं. मात्र चाळून घ्या.

मुलाला धावायच्या आधी हा अख्खा पेला देऊ नका, पोटात डचमळेल. जाताना अर्धं केळं हातात द्या, परत आला की पेला.

टिळकवाडी_दुसरं_गेट | १० मे, रात्री ९.२०

मिक्सरबद्दल लिहितो, कारण दोन मिक्सर जाळलेत. पहिल्यांदा बर्फाचे अख्खे खडे घातले, दुसऱ्यांदा भांडं गळ्यापर्यंत भरून सलग चालवला. दुकानात दुरुस्तीला नेला तर न उघडताच नवीन घ्या म्हणाले. घरी आणून उलटा केला तेव्हा तळाशी लाल बटण दिसलं, ओव्हरलोड झाला की ते सुटतं. थंड होऊ दिलं, बटण दाबलं, चालू! ताई, तुमचा कधी अचानक बंद पडला तर आधी ते बघा.

भरताना खाली दूध, त्यावर मऊ फळ, सगळ्यात वर गोठलेल्या चकत्या. पात्याभोवती ओलं असलं की अडकत नाही. भांडं दोन तृतीयांशच्या वर नको. वीस-तीस सेकंद फिरवा, थांबा, चमच्याने ढवळा, परत फिरवा. आणि लगेच भांड्यात पाणी ओतून पुन्हा एकदा फिरवा, नाहीतर झाकणाच्या रबरात आंबूस वास बसतो. ते रबर आठवड्यातून एकदा काढून धुवा, आत काय साठतं ते बघून माझा जीव दचकला होता.

मलप्रभाकाठ | १३ मे, सायंकाळी ६.३०

चार दिवस झाले. केळं-शेंगदाण्याचा पेला आईनं घेतला. पहिल्या दिवशी ‘हे काय पातळ’ म्हणाली, दुसऱ्या दिवशी वेलची घातली तर संपवला. डॉक्टरांकडं मंगळवारी जायचंय.

पण आज फसलं. दुपारी एक वाजताच पपई आणि दूध फिरवून फ्रीजमध्ये ठेवलं, चारला दिलं तर तोंड वाकडं केलं. मी चाखलं, कडू! पपई चांगली गोड होती, दूधही ताजं. आई म्हणाली, ‘मला औषध घालून दिलंस काय गं?’ आता कुठलाच पेला बघितला की संशयानं वास घेते. वाईट वाटलं. काय चुकलं?

आहारवाट | १३ मे, रात्री ८.००

तुमचं काही चुकलं नाही, पपईचं ते वागणंच आहे. तिच्यात पपेन असतं, प्रथिनं तोडणारं. दूध मिसळून ठेवलं की ते दुधातली प्रथिनं तोडत बसतं आणि त्या तुकड्यांची चव कडू लागते. अननस आणि किवीतही याच जातीची द्रव्यं आहेत. मटण मऊ करायला कच्ची पपई चोळतात ना, तेच काम तुमच्या पेल्यात तीन तास चालू होतं. विषारी काही नाही झालं, फक्त चव गेली.

पपई द्यायचीच असेल तर फिरवून तिथल्या तिथं द्या, किंवा दुधाशिवाय द्या. एक वाटी पपई, अर्धं लिंबू, आल्याचा रस चार थेंब, चिमूटभर मीठ. ही मुलाला आवडेल. आईंना मात्र दुधाची ताकद हवी, म्हणून केळं, चिकू, आंबा यावरच राहा.

निपाणीकर_अक्का | १३ मे, रात्री ८.४५

आणि उद्या आईंसमोर करा. फळ त्यांनाच निवडू द्या, दूध त्यांच्या हातानं ओतू द्या. माझी सासू शेवटची दोन वर्षं स्वयंपाकघरातून बाजूला पडली होती, कुणी काही विचारत नव्हतं. तिला वाटीत शेंगदाणे सोलायला दिले की तीच वाटी ती खायची.

मारुतीगल्ली_६२ | १४ मे, सकाळी ७.२०

मी ६२ वर्षांचा, मधुमेह नऊ वर्षं. वाचून तोंडाला पाणी सुटलं. गूळ किंवा मध घालून घेतलं तर चालतं का? आमच्याकडं संकेश्वरकडचा चांगला गूळ येतो.

आहारवाट | १४ मे, दुपारी १२.४०

काका, गूळ आणि मध रक्तातली साखर वाढवतात, साखरेसारखेच. त्यात सूट नाही. फळ चावून खाल्लंत तर जास्त चांगलं, कारण चावायला वेळ लागतो आणि पोट भरल्याचं कळतं. पेल्यात तेच फळ दोन मिनिटांत जातं. एखाद्या दिवशी घ्यावंसं वाटलंच तर एक वाटी घट्ट बिनसाखरेचं दही, पाव वाटी फळ, एक चमचा भिजवलेली जवसाची पूड आणि दालचिनी. हे जेवणाबरोबर नको, न्याहारीच्या बदली. मग दोन तासांनी ग्लुकोमीटर लावून स्वतःचा आकडा बघा. तुमचं शरीर काय म्हणतं ते माझ्यापेक्षा तो आकडा नीट सांगेल. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर केळं डॉक्टरांना विचारूनच, त्यात पोटॅशियम बरंच असतं.

फळाचा रस गाळून चोथा टाकू नका, हे सगळ्यांनाच सांगते. तंतू त्या चोथ्यातच असतात.

पुण्यात_बेळगावी | १४ मे, रात्री ११.००

एक शंका. दूध आणि फळ एकत्र म्हणजे आयुर्वेदात विरुद्ध आहार ना? माझी आजी केळं-दूध कधीच देत नव्हती.

जवारी_केळं | १५ मे, सकाळी ५.५०

आमच्याकडं दोन्ही तऱ्हेची घरं आहेत. आयुर्वेदात आंबट फळं आणि दूध टाळायला सांगितलंय, केळ्यालाही तिथं मनाई आहे, पिकलेल्या गोड आंब्याला मात्र नाही. ज्या घरात पाळतात त्यांनी दुधाऐवजी नारळाचं दूध घ्यावं किंवा पाण्यात भिजवलेले काजू वाटावेत. जांबोटी, कणकुंबीकडं काजू घराघरात आहे, पाच-सहा काजू रात्री भिजत टाकले की सकाळी साईसारखे वाटले जातात.

आहारवाट | १५ मे, सकाळी १०.१५

हो, आणि आंबट फळानं दूध फाटतं हे डोळ्यांनाही दिसतं. संत्रं, अननस, आंबट द्राक्षं दह्यात किंवा पाण्यात. केळं-दूध ज्यांना वर्षानुवर्षं पचतंय त्यांना मी बंद करायला सांगत नाही. ज्यांना घेतल्यावर कफ, जडपणा वाटतो त्यांनी आपल्या अनुभवावर जावं.

वेंगुर्ला_रोड | १७ मे, दुपारी ३.३०

आमच्या घरी नाचणीची स्मूदी होते, लहान लेकीसाठी सुरू केली. नाचणीचं पीठ कच्चं कधी घालायचं नाही, पोट दुखतं. दोन चमचे पीठ एक वाटी पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवायचं, अगदी आंबीलीसारखं, चमकायला लागलं की उतरवायचं. पूर्ण गार झालं की ते, अर्धा पेला दूध आणि एक चिकू किंवा धारवाडी हापूसच्या दोन फोडी फिरवायच्या. गूळ घालायचाच तर गार झाल्यावर. गरम दुधात गूळ टाकला की कधीकधी दूध फाटतं. नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, म्हणजे आईंच्या हाडांनाही बरं.

एक आठवण करून देते. कुणाच्या घरी वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या पेल्यात मध नको, चमचाभरही नको.

टिळकवाडी_दुसरं_गेट | १७ मे, रात्री ८.१०

आंबे घेताना वासावर घ्या. सालीवर एकसारखा पिवळा रंग आणि देठाजवळ वासच नाही असा आंबा आत पांढरट निघतो. कॅल्शियम कार्बाइडनं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तरी आपण आपलं बघून घ्यावं. मी हिरवट घेतो, गवतात पिकवतो आणि पिकल्यावर पाण्यात तासभर टाकून मग कापतो.

मलप्रभाकाठ | २१ मे, रात्री ९.०५

खबर द्यायला आले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉईडची मात्रा थोडी बदलली. बाकी साखर वगैरे बरोबर आहे. गोळी आणि दूध यात चार तासांचं अंतर ठेवा म्हणाले. आहारवाटताई, तुम्ही विचारलं नसतं तर मी रोज तो घोळ करत राहिले असते. मनापासून आभार.

काल संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि दोन तास वीज नव्हती. चारची वेळ टळून गेली. आई म्हणाली, ‘मिक्सर कशाला पाहिजे, पुरणयंत्र काढ.’ काढलं. तिनं स्वतः पाटावर बसून दोन चिकू आणि एक केळं त्यातून काढलं, खाली दुधाची वाटी. चिकूचा तो रवाळ गर जाळीतून सुतासारखा उतरत होता. रवीनं घुसळलं, वेलची कुटली. मिक्सरपेक्षा घट्ट झालं, चमच्यानं खाल्लं. आणि अजून अर्धी वाटी मागितली. ती स्वतःहून काही मागायची थांबली होती हो.

निपाणीकर_अक्का | २१ मे, रात्री ९.३०

वाचून डोळे भरले. पुरणयंत्र हातासरशीच ठेवा आता.

जवारी_केळं | २२ मे, सकाळी ६.१५

मावशींना माझा नमस्कार सांगा. खानापूरच्या म्हणजे बरका फणस खाल्लेल्या असणार. आता फणस उतरायला लागलेत. काप्याचे गरे कडक, त्यांना दात लागतात. बरक्याचा गर आधीच पातळ आणि रेषाळ, तो पुरणयंत्रातून काढला की रेषा वर राहतात आणि रस खाली. पाच-सहा गरे, अर्धा पेला नारळाचं दूध, चिमूट मीठ. साखर बिलकुल नको. आधी दोन चमचेच द्या, जड असतो.

वेंगुर्ला_रोड | २२ मे, दुपारी १.००

पुढच्या महिन्यांचंही सांगून ठेवते. पावसाळ्याच्या शेवटी सीताफळ येईल, तेव्हा बिया हातानं काढूनच गर घ्या, मिक्सरमध्ये बीसकट फिरवू नका, ती बी पोटात जाणं चांगलं नाही. नवरात्राच्या सुमारास आपल्याकडची रताळी भरपूर येतात. उकडून सोललेलं अर्धं रताळं, दूध, बिया काढलेल्या खजुराच्या दोन फोडी, जायफळ. मावशींसारख्यांना यापेक्षा मऊ काही नाही. थंडीत पेरू. गर चाळणीतून घासून घ्यायचा, बिया वरच राहतात. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट जास्त क जीवनसत्त्व असतं.

आहारवाट | २२ मे, दुपारी ४.२०

पेरूचं अगदी बरोबर. आणि नाचणी, खजूर यांतलं लोह अंगी लागायला ते क जीवनसत्त्व मदत करतं, म्हणून नाचणीच्या दिवशी जेवणात लिंबू पिळा.

मेमधल्या उकाड्यात केलेला पेला बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रीजमध्येही दुसऱ्या दिवसावर नेऊ नका. रतिबाचं दूध उकळून गार केलेलंच वापरा. ताई, वजन आठवड्यातून एकदाच, त्याच दिवशी, त्याच काट्यावर, सकाळी.

मलप्रभाकाठ | १४ जून, रात्री ८.४०

पाच आठवडे झाले. वजन ४३ किलो ४०० ग्रॅम. कवळीचं माप दिलंय. मुलगा खेळून आला की स्वतःच करून घेतो, आजीच्या वाट्याचं आधी काढून ठेवतो.

फणसाचं केलं होतं, आईनं पहिला चमचा घेतला आणि माहेरच्या मागीलदारच्या झाडाबद्दल तासभर बोलत बसली. तीन चमच्यांवर थांबवलं, ऐकेना. काल भाऊ गावाकडून जांभळं घेऊन आला, टोपलीभर. आई म्हणते जांभळाचं कर. दुधात घालायचं नाही एवढं कळलंय. बी सुटत नाही, काय करू?

जवारी_केळं | १४ जून, रात्री ९.१०

जांभळं धुऊन रुंद पातेल्यात घ्या, चमचाभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मग हातानंच चुरगळा. गर सुटतो, बिया बोटांना लागतात, त्या वेचून टाका. मिक्सर नको, बी फुटली की तुरट होतं. तो गर, गार पाणी किंवा पातळ ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड. स्टीलच्या नाहीतर काचेच्या भांड्यात करा, आणि मावशींना जुनं लुगडं नेसून बसवा, डाग जात नाहीत.